पॉलिशची खोली

३ फेब्रुवारी

प्रिय मामी,

पत्र बघून दचकशील. मी तुझ्या नणंदेची मुलगी. तू मला शेवटचं पाहिलंस तेव्हा दोन वेण्या आणि पुढचा अर्धा तुटका दात, एवढीच माझी ओळख होती. दात दुरुस्त केलाय, वेण्या गेल्या. तुझा पत्ता आमच्या माणसांनी तुरुंगाच्या कचेरीतून काढला. तुला एका कानाने अजिबात आणि दुसऱ्याने जेमतेम ऐकू येतं असं कळलं, म्हणून फोन न करता लिहितेय.

आई गेल्या वर्षी गेली. ती असती तर हे पत्र लिहिलंच नसतं, तिने हात धरला असता.

मी सिनेमे करते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमात सहायक म्हणून राबले, आता पहिल्यांदा स्वतःचा करतेय. विषय तुला सांगायला नकोच. नवऱ्याला पॉलिशच्या खोलीत कोंडून जाळणारी बायको. अठरा वर्षं झाली तरी लोक विसरलेले नाहीत. निर्माता म्हणतो, 'सत्य घटनेवर आधारित' एवढी पाटी लागली की अर्धी तिकिटं तिथेच खपतात.

मामा माझा फार लाडका होता. दुकानात गेले की तो खुर्च्या पुसायचं थांबवून मला उचलून घ्यायचा. त्याच्या हातांना स्पिरिटचा वास यायचा, तो वास मला अजून आवडतो. म्हणून हा सिनेमा दुसऱ्या कुणाच्या हातात जाऊ नये असं वाटतं. ती खोली कशी होती, त्या दुपारी काय काय झालं, ते तुझ्याशिवाय कोण सांगणार?

ठकी मजेत आहे.

तुझी भाची


१४ फेब्रुवारी

चि. भाचीस आशीर्वाद.

वन्सं गेल्याचं तुझ्या पत्रातूनच कळलं. वाईट वाटलं. त्यांनी माझ्या मुलीला वाढवलं. मी तिला भेटायचं नाही, कधी कागद पाठवायचा नाही, या बोलीवर वाढवलं. त्यांनी त्यांचा शब्द पाळला, मी माझा.

सिनेमासाठी सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. कोर्टात विचारलं, दार कुणी लावलं. मी म्हटलं, मी. झालं. चौदा वर्षं आत काढली, चार वर्षं बाहेर आहे. एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करते. इथे मला कुणी ओळखत नाही आणि ओळखू नये एवढीच इच्छा आहे. बुजलेलं उकरू नये, पोरी. वास येतो, आणि तो उकरणाऱ्याच्याच हाताला लागतो.

'ठकी मजेत आहे' हे तीन शब्द मी किती वेळा वाचले ते विचारू नकोस. आणखी दोन लिहिले असतेस तर तुझी शाई संपली नसती.

मामी


२२ फेब्रुवारी

प्रिय मामी,

शाई भरपूर आहे. पण माझ्या धंद्यात फुकट काही देत नाहीत, म्हणून सरळच बोलते. तू एक दे, मी एक देते.

नमुन्यादाखल हे घे. ठकी शिशुवर्गावर शिक्षिका आहे. मुलं तिच्या पदराला... म्हणजे ओढणीला लोंबकळत असतात. डावखुरीच आहे अजून, फळ्यावर लिहिताना सगळं मनगटाने पुसून टाकते. तिचं लग्न ठरलंय. मुलगा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. तिच्याशी बोलताना मात्र त्याला समोरचं दिसत नाही अशी आम्ही त्याची चेष्टा करतो.

तुझ्याबद्दल ती बोलत नाही. कधीच नाही. आईने तिला सांगितलं तेवढं तिला माहीत आहे: बाबा जळून गेले, आईने जाळले. त्या दुपारचं तिला स्वतःचं म्हणून काही आठवत नाही.

आता तुझी पाळी. खोली लिहून पाठव. बारीकसारीक सगळं. चांगली लिहिलीस तर फोटो पाठवीन.

भाची


५ मार्च

चि. भाचीस,

सौदा वन्संच्या वळणाचाच करतेस. असो.

दुकानाच्या मागे आमचं घर आणि दोन्हींच्या मध्ये ती खोली. लांबट. खिडकी एकच आणि तीही फळ्या ठोकून बुजवलेली, कारण ओल्या पॉलिशवर धूळ बसली की काम नासतं. एका अंगाला पॉलिशला आलेल्या खुर्च्या, एकीवर एक पालथ्या. दुसऱ्या अंगाला फळीवर स्पिरिटचे डबे, लाखेच्या पिशव्या, आणि खाली चिंध्यांचा ढीग. ढिगाशेजारी गादीतला जुना काथ्या. दुपारी प्यायलेले असले की तुझे मामा त्या काथ्यावर आडवे व्हायचे. सिगरेट हातात. मी सांगून दमले होते.

दार एकच, आणि ते घराच्या बाजूने बंद व्हायचं. कडी अगदी वर, चौकटीच्या टोकाला. लावायला मला चवड्यांवर उभं राहावं लागायचं. हे नीट लिहून घे. कडी वर होती.

त्या दुपारी ते आत झोपले होते, मी कडी लावली. आत काथ्या पेटला. शेजाऱ्यांनी दार फोडलं तेव्हा सगळं संपलं होतं. ठकी स्वयंपाकघरात झोपलेली होती. तिने काही पाहिलं नाही.

फोटो पाठव.

मामी


१९ मार्च

प्रिय मामी,

वा! तुला लिहिता येतं. पालथ्या खुर्च्या वाचून आमचा कलादिग्दर्शक टाळ्या वाजवायचा बाकी होता. एका बंद पडलेल्या गोदामात खोली उभी राहतेय. जुन्या खुर्च्या भंगारातून आणल्या, काथ्या आणला. स्पिरिटचा वास मात्र खरा नको म्हणाले, विमा कंपनी ऐकत नाही.

नायिका मोठी मेहनती आहे. तुरुंगात तुझ्याबरोबर असलेल्या एका बाईला शोधून ती तुझी चाल शिकली. ऐकू येत नसल्यामुळे तू मान एका बाजूला कलवतेस म्हणे. ती आता जेवतानासुद्धा मान कलवून बसते. सगळे हसतात.

कबूल केल्याप्रमाणे फोटो सोबत आहे. पाठमोरा आहे. चेहऱ्याचा पुढच्या वेळी. मला एकच हवंय: आतून तो काय ओरडत होता? कोर्टाच्या कागदात शेजारीण म्हणते, आवाज आला. काय आवाज आला ते कुणी विचारलंच नाही. काय मूर्ख वकील!

भाची


२८ मार्च

चि. भाचीस,

पाठ पाहिली. माझ्या आईची पाठ आहे. उजवा खांदा जरा खाली.

आधी माझ्या नावाने हाका मारत होते. मग शिव्या. मग पुन्हा नाव, पण लाडाचं, लग्नानंतर पहिल्या वर्षी म्हणायचे ते. शेवटी दारावर नुसते हात. एवढं पुरे.

आता माझं ऐक. ती खोली हुबेहूब करू नकोस. सिनेमात काय, कुठलीही खोली चालते. आणि ठकीला तिथे आणू नकोस. लग्न ठरलेल्या मुलीने बापाच्या मरणाची जागा बघू नये. यात माझं काही नाही, तिच्या भल्याचं सांगते.

मला चेहऱ्याचा फोटो नको. राहू दे. पण एवढं ऐक.

मामी


१६ एप्रिल

मामी,

पकडलं तुला.

त्या वेळी पोलिसांसाठी फोटो काढणारा म्हातारा अजून जिवंत आहे. निगेटिव्ह जपून ठेवल्या होत्या त्याने. दाराचे मोठे फोटो करून घेतले. तापलेल्या लोखंडाला हात लावता येईना म्हणून शेजाऱ्यांनी पहारीने दार बिजागरीकडून उखडलं, त्यामुळे दुसरी बाजू जशीच्या तशी आहे. वरची कडी नुसती लोंबकळतेय, तिचा कोयंडाच तुटलेला. आणि खाली, गुडघ्याच्या उंचीवर, एक बोल्ट आहे. तो पूर्ण सरकवलेला आहे.

'हे नीट लिहून घे' म्हणालीस ना? नीटच घेतलं. वरची कडी दार आपटलं तर आपोआप पडू शकते. खालचा बोल्ट वाकून, हाताने सरकवावा लागतो. आता शिक्षा भोगून झाल्यावर तुला लोकांना वाटायला हवंय की सगळा अपघात होता. मला बोट धरून तिकडे नेत होतीस. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

मी तुला माणूस म्हणून दाखवणार होते, मामी. तू ती लायकी घालवलीस.

बोल्ट जागेवर बसवलाय, मोजून, त्याच उंचीवर. खोली आता इंचाइंचाने खरी आहे. पुढच्या आठवड्यात ठकीला घेऊन जातेय. 'पडद्यामागे' म्हणून वेगळी फीत करतोय आम्ही, जाहिरातीसाठी. बापाची खोली बघताना मुलीचा चेहरा. तिला आधी सांगणार नाही, नाहीतर चेहरा खरा येत नाही.

भाची


२० एप्रिल

पोरी, पाया पडते. नेऊ नकोस तिला.

तू म्हणशील ते लिहून देते. अपघात नव्हता. मी वाकले, मी बोल्ट सरकवला. तुला जशी बाई हवी तशी मी होते. आणखी वाईट हवी तर तशीही होते.

फक्त तिला नेऊ नकोस. नेलीच तर दार काढून ठेव. दार तेवढं काढून ठेव.

मामी


६ मे

मामी,

तुझं पत्र मी सेटवरून परत आल्यावर वाचलं. खरं सांगायचं तर आधी आलं असतं तरी ऐकलं नसतं.

काय झालं ते लिहिते, कारण ते तुझं आहे.

ठकी खुशीत आली होती. भिंतीवर टिचकी मारून म्हणाली, "ताई, ही भिंत ढकलली तर पडेल का गं?" सगळे हसले. कॅमेरे चालू होते, तिला ठाऊक नव्हतं. मग मी तिला वळसा घालून घराच्या बाजूला नेलं. तिने दार पाहिलं. कुणी काही सांगितलं नाही. ती गेली, दाराबाहेर जमिनीवर बसली, गुडघे पोटाशी घेतले. डावा हात लांब केला आणि न बघता तो बोल्ट सरकवला. मग मागे वळून, जिथे तुझं स्वयंपाकघर उभं केलंय तिकडे बघून म्हणाली,

"आई, आता बाबा बाहेर नाही येणार ना?"

चोवीस वर्षांची मुलगी, पण आवाज तिचा नव्हता. सहा वर्षांच्या पोरीचा होता.

लोकांना वाटलं, बापाच्या आठवणीने भरून आलं. मेकअपवाली रडली. फक्त मला कळलं, कारण तुझी कडी आणि हा बोल्ट फक्त मला माहीत होते. तू सारखी वरच्या कडीकडे का बोट दाखवत होतीस तेही कळलं. वर तिचा हात पोचला नसता.

ठकीला नीट आठवत नाही. पण घरी आल्यापासून एकच विचारते, "ताई, मी काही केलं होतं का?" शाळेत जात नाही. वर्गातल्या मुलांना हात लावायची भीती वाटते म्हणते. अंगठी काढून माझ्याकडे दिलीय, त्याला परत कर म्हणून. मी म्हटलं, थांब जरा.

आता चांगली बातमी. तू निर्दोष आहेस! आनंद कर. निर्मात्याला अजून ठकीचं नाव सांगितलं नाही, नुसतं म्हटलं की शेवट बदलतोय, तर तो खुर्चीतून उठला. सगळ्या जगाने जिला राक्षसीण म्हटलं ती आई होती, आणि दार लावणारे हात एवढेसे होते. मामी, असा शेवट माणसाला जन्मात एकदा मिळतो. ठकीचं चित्रण आहेच, तेच शेवटी लावायचं.

तिला त्रास होईल, कबूल. पण सत्य ते सत्य. आणि तुझं नाव धुऊन निघेल.

भाची


११ मे

भाची,

माझं नाव धुवायला तुला कुणी सांगितलं होतं? धुण्याचं काम मी रोज करते. काही डाग चादरीसकट जातात.

सगळं सांगते, म्हणजे तुला अर्धवट घेऊन नाचता येणार नाही. त्या दुपारी तुझ्या लाडक्या मामाने माझा डावा हात पिरगळून मोडला. त्याआधी कानावर मारलं, तो कान तेव्हाच गेला. मग काथ्यावर जाऊन पडले. मी ओट्याला टेकून बसले होते. ठकी उठली, गेली, आणि आली. तू ऐकलंस तेच वाक्य बोलली. मी तिला शाबास म्हटलं. ऐकलंस? शाबास म्हटलं आणि जवळ घेतलं. मला हायसं वाटलं की आता तासभर तरी मार नाही.

मग धूर आला. ते दार बडवायला लागले. ज्या कानाने ऐकू येत होतं त्या कानाने मी सगळं ऐकलं. दाराशी गेले. माझा एक हात चांगला होता. त्याने बोल्ट सरकला असता. मी त्याच हाताने ठकीला उचललं आणि शेजारणीकडे नेऊन ठेवलं. दाराशी माझी घाई नव्हती. परत आले तोवर आवाज थांबला होता.

कोर्टात मी खोटं बोलले असं समजू नकोस. बोल्ट तिने सरकवला, पण दार बंद मी ठेवलं. तिने एक दारुडा कोंडला होता. मारला मी.

आता तुझ्या सिनेमाचं बोलू. एका अजाण पोरीने दार लावलं आणि घात झाला, हे बघून लोक हळहळतील आणि घरी जातील. हळहळीची तिकिटं दोन आठवडे खपतात. पण हाका मारणारा नवरा, दाराशी उभी राहून त्या हाका ऐकणारी बायको, आणि त्यातली शेवटची हाक लाडाची, हे दाखवलंस तर लोक शिव्या देतील, आणि शिव्या देणारा माणूस चार जणांना सांगतो. आणि ते सांगायला तुला खरी बाई मिळतेय. मी येते. कॅमेऱ्यासमोर, उघड्या चेहऱ्याने. तू लिहिशील ते म्हणते. नायिकेला जमणार नाही अशा तऱ्हेने म्हणते.

बदल्यात ठकीचं ते चित्रण माझ्यासमोर नष्ट करायचं. सिनेमात कडी वर दाखवायची. आणि तिला सांगायचं की तो बोल्ट म्हणजे तिचा लहानपणचा खेळ होता, रोज लावायची-काढायची, हाताला सवय राहिली. बाकी तिला मीच सांगेन, पडद्यावरून.

तुला खरं हवं होतं ना? ते आता तुझ्याकडे आहे. गिळ.

मामी


१५ मे

मामी,

ये. तिकीट पाठवतेय. उतरल्यावर आमचा माणूस तुझ्या नावाची नव्हे, सिनेमाच्या नावाची पाटी घेऊन उभा असेल.

भाची


९ जून

प्रिय मामी,

नीट पोचलीस ना? निघताना बोलायला वेळ झाला नाही, सेट मोडायला माणसं आली होती.

चित्रण संकलकाने पाहिलं. पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं म्हणून रागावली नाहीस ना? पहिल्या वेळी 'मला पश्चात्ताप नाही' म्हणताना तुझा ओठ थरथरला होता. तो थरथरला की लोकांना दया येते, आणि दया आली की सगळं मुसळ केरात. शेवटच्या वेळी तू जे केलंस, 'पोरगी स्वयंपाकघरात झोपली होती, तिला उठवावंसंही वाटलं नाही, आधी हे नीट मरू देत म्हटलं', ते मी लिहिलेलं नव्हतं. कुठून आणलंस? दिवे धरणारा एवढा दांडगा माणूस, पण तू उठून गेल्यावर तुझी खुर्ची हलवायला तयार होईना.

हात मोडल्याचं आणि कानाचं काढून टाकलंय. तू म्हणाली होतीस तसंच. नायिका आता मान कलवत नाही, ताठ चालते. जास्त भयंकर दिसते.

ठकीचं चित्रण तुझ्यासमोर पुसलं. दुसरी प्रत नाही. विश्वास ठेव, न ठेवून करशील काय?

एक सांगू? मलाही हाच शेवट बरा वाटला. मामा माझा होता तसाच राहिला.

भाची


१२ ऑक्टोबर

चि. भाचीस,

तुझा सिनेमा इथेही लागला. मी पाहिला नाही, पण पाहिल्यासारखाच आहे. सगळं गाव मला येऊन सांगतं.

पहिल्या दिवशी धुलाईखान्यातल्या बायकांनी माझ्या शेजारची टेबलं रिकामी केली. दुसऱ्या दिवशी मुकादम म्हणाला, "बाई, पेशंटचे नातेवाईक तक्रार करतात, तुमच्या हातच्या चादरी नकोत." चांगला माणूस, डोळे वर न करता बोलला. घरमालकिणीने सामान जिन्यात काढून ठेवलं. ते घेऊन निघाले तर कोपऱ्यावरच्या एका लहान मुलीने माझ्याकडे बघून आईच्या मागे तोंड लपवलं. आई तिला मोठ्याने म्हणाली, "बघ, हीच ती." जत्रेत दाखवतात तसं. कुणीतरी पाठीवर काहीतरी फेकलं, काय ते मी वळून बघितलं नाही.

आता गावाबाहेर एका गॅरेजच्या वरच्या खोलीत राहते. मालक सिनेमे बघत नाही, देव त्याला तसाच ठेवो.

यातलं काहीही तक्रार म्हणून लिहीत नाही. माल चोख दिला होता, लोकांना पटला, एवढंच. तुझ्या बाजूचं मात्र अजून कळवलं नाहीस. ठकीने पाहिला का? झोपते का? शाळेत जाते का? मी नाक मुठीत धरून विचारतेय. या वेळी बदल्यात द्यायला माझ्याकडे काही उरलेलं नाही.

मामी


२ नोव्हेंबर

प्रिय मामी,

कामात बुडाले होते. सिनेमाला दोन बक्षिसं मिळाली, एक मला आणि एक तुला, म्हणजे तुझं काम करणाऱ्या नायिकेला. तिने भाषणात म्हटलं, इतकी काळीकुट्ट बाई साकारताना ती रोज घरी जाऊन अंघोळ करायची. टाळ्याच टाळ्या.

ठकीने सिनेमा पाहिला. मी शेजारी बसले होते. तू पडद्यावर आलीस तेव्हा तिने माझा हात एवढा आवळला की वळ उठले. तू बोलत गेलीस तसतसा तो सैल होत गेला. बाहेर आल्यावर म्हणाली, "ताई, मला भूक लागलीय." किती महिन्यांनी! मग ती एवढं जेवली की मी बघतच राहिले.

तिने तुला पत्र दिलंय, सोबत आहे. पाकीट उघडं होतं म्हणून मी वाचलं. वाचून वाटलं, यातल्या चार ओळी जाहिरातीत वापरल्या तर? सिनेमा आता परदेशात जातोय, मुलीचे खरे शब्द असतील तर फरक पडतो. ठकी हो म्हणाली आहे. मूळ कागद मला परत पाठव, फोटो काढायचाय. तिच्या अक्षराला एक मजा आहे.

भाची


२९ ऑक्टोबर

आई,

तुला काय म्हणायचं ते कळत नाही, दुसरा शब्द नाही म्हणून हा.

मी सिनेमा पाहिला. गेले काही महिने मला असं वाटत होतं की ते दार मी लावलं. ताईच्या सेटवर गेले तेव्हापासून. हाताला तो बोल्ट थंड लागायचा, कधीही, वर्गात खडू धरला तरी. मुलांना जवळ घेतलं की वाटायचं, हे हात बरे नाहीत. लग्न मोडायला निघाले होते. एकदा तर त्याहून वाईट काहीतरी करायला निघाले होते, ते ताईलाही माहीत नाही.

मग तुला पाहिलं. तू सांगत होतीस, कडी वर होती, तू चवड्यांवर उभी राहिलीस, मी झोपले होते आणि मला उठवावंसंही तुला वाटलं नाही. त्या क्षणी माझ्या अंगातून काहीतरी निघून गेलं. मी नव्हते. तू होतीस. मला तुझा इतका राग आला की मोकळं वाटलं. बाबांसाठी मी पहिल्यांदा रडले.

पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे. मी शाळेत जाते. झोपते. हे तुला कळावं म्हणून सांगत नाही. तुझ्यामुळे मी स्वतःवर संशय घेतला, हे तुला कधी माफ करणार नाही, एवढं सांगायला लिहिलं. मला मूल झालं तर त्याला तुझ्याबद्दल काहीही सांगणार नाही. उत्तर पाठवू नकोस. तू मेलीस तरी कुणाकरवी कळवू नकोस.

ठकी


९ नोव्हेंबर

भाची,

पाकीट पोचलं.

तू मागितलंस ते मी सगळं दिलं. खोली दिली, त्यांच्या हाका दिल्या, माझा चेहरा दिला. हा कागद मिळणार नाही. तुझ्याकडे नक्कल असेल तर छाप, मला अडवता येणार नाही. मूळ माझ्याकडे राहील.

ती जेवते. ती झोपते. शाळेत जाते. हे मी तुझ्या शब्दांवर मानलं नसतं, तिच्या हातचं आहे म्हणून मानते. डाव्या हाताने लिहिताना शाई पुसली गेलीय, प्रत्येक ओळीवर. वरती 'प्रिय' नाही. पण 'आई' लिहिलंय, आणि त्याच्यावरून मनगट फिरायच्या आत शाई वाळली असावी. तेवढा एकच शब्द स्वच्छ आहे.

मामी